चाळिसावं अक्षर

सकाळचे आठ वाजले आणि जपानमधल्या कावासाकी शहरातल्या त्या कळकट ऑफिसातला मोडेम कुरकुरू लागला. इत्सुकोने हातातला भाताचा गोळा तसाच कागदात गुंडाळून ठेवला. आठ म्हणजे आठ. तिच्या वडिलांनी चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली होती. घड्याळ त्यांच्याकडे बघून लावावं, असा माणूस.

तेइझो मास्तर तिकडे उत्तरेला नोशिरोत एकटे राहत. दोन वर्षांपूर्वी घशाच्या कॅन्सरने त्यांचा आवाज नेला, आणि श्वास आता गळ्याला पाडलेल्या भोकातून चाले. फोनवर ऐकू यायचं, पण बोलता यायचं नाही. मग ते चिठ्ठी लिहीत आणि शेजारच्या कुदोकाकू ती फोनमध्ये वाचून दाखवत. आता शेजारणीच्या तोंडून माणूस मनातलं काय बोलणार? "मी ठणठणीत आहे, काळजी नसावी." दोन वर्षं हीच एक टेप. आजार उलटलाय हेसुद्धा इत्सुकोला कळलं ते डॉक्टरांकडून.

दुसऱ्या ऑपरेशनसाठी गुरुवारी दुपारी बारापर्यंत खाट राखून ठेवतो, असं डॉक्टर म्हणाले होते. पुढची पाळी दोन महिन्यांनी, आणि तेवढी सवड आजार देणार नव्हता. हो की नाही ते मास्तरांनीच सही करून सांगायचं होतं. "मला खरं काय ते सांगा, काकूंना मध्ये घेऊ नका," असं इत्सुकोने त्यांना फोनवर विनवलं होतं. आज गुरुवार होता.

तिची नोकरी म्हणजे एका अमेरिकन प्रोग्रॅमला जपानी शिकवणं. एका कॉम्प्युटरवर लिहिलेलं टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्यावर पोचवणारा तो प्रोग्रॅम इंग्रजीत पोपटासारखा बोले आणि कांजी, म्हणजे जपानीतली चिनी वळणाची चित्राक्षरं, दिसली की त्याची दातखीळ बसे. कताकानाची साधी अक्षरं मात्र तो मागच्या वर्षीच घेऊ लागला होता. इत्सुकोने एक जुनं मशीन नोशिरोत नेऊन बसवलं, तर मास्तरांनी पाटीवर लिहिलं, "कताकानात तार येते. तार आली की घरातलं कोणीतरी गेलेलं असतं. मी त्यात लिहिणार नाही." झालं! म्हातारा अडून बसला. मग पोरीने पाच महिने रक्त आटवून त्याच्यासाठी, आणि कंपनीसाठीही म्हणा, त्या प्रोग्रॅमच्या गळी कांजी उतरवली.

पडद्यावर पहिली ओळ उमटली. मास्तर एका बोटाने टाइप करत होते. "कडाक्याच्या थंडीतही तू कुशल असशील अशी आशा करतो. इकडे पाइनवर बर्फ साचलं आहे." इत्सुकोला हसू आलं. जीव टांगणीला लागलाय आणि यांना आधी ऋतूचं वर्णन हवं! पण पत्र असंच लिहायचं असतं. मुद्द्यावर एकदम यायला मास्तर काही सावकार नव्हते.

दुसरी ओळ आली. कोंबडी, शिंपला, जकात, तांबं, पुन्हा कोंबडी. नुसता कांजींचा उकिरडा. बोट तिकडे चालतच होतं, वीस मिनिटं, आणि इकडे उकिरडा वाढत होता.

तिने घाईने उत्तर लिहिलं, "नीट आलं नाही. पुन्हा लिहा."

बोट तिकडे पहिल्यापासून सुरू झालं. मग पुन्हा थंडी, पुन्हा पाइन, आणि पुन्हा कोंबडी. या वेळी मजकूर निम्माच होता. तारेत खरखर असणार, असं म्हणत तिने मोडेमला दोन चापट्या मारल्या. "बाबा, समजलं नाही. पुन्हा एकदा."

तिसऱ्यांदा एकच ओळ आली, आणि ती स्वच्छ आली. "विशेष काही नाही. ऑपरेशन नको असं कळवतो. सर्दी होऊ देऊ नकोस." पाठोपाठ लाइन बंद झाली.

इत्सुकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नको म्हणाले. पण दोन वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने म्हणाले, आणि त्यांच्या मनाविरुद्ध ओढाताण करणारी आपण कोण?

"काय हो कुवाबाराबाई, पत्रव्यवहार आटोपला का?" विभागप्रमुख नागासे साहेब पाठीशी येऊन उभे राहिले. "बारा वाजता गिऱ्हाइकाच्या हातात डिस्क पडायचीय. की तीही पुढच्या हिवाळ्यात?"

"देते साहेब."

ती कामाला लागली खरी, पण मन तिथे ठरेना. तिसऱ्या वेळी बाबांनी थंडी नाही विचारली. पाइन नाही, बर्फ नाही. ज्या माणसाने बायको गेल्याचं कळवतानासुद्धा आधी चेरीला कळ्या आल्याचं लिहिलं, तो एकदम मुद्द्यावर आला? अकराच्या सुमाराला तिला राहवेना. आलेलं सगळं डिस्कवर उतरलेलं होतं. तिने त्यातल्या अक्षरांचे सांकेतिक आकडे छापून काढले.

उकिरडा दोन्ही वेळा एकाच जागी सुरू झाला होता. चाळिसाव्या अक्षराला. खरखर इतकी वक्तशीर नसते! कांजीला दोन घरं लागतात आणि ओळीत घरं ऐंशी. चाळीस अक्षरं बरोबर बसायला हवीत. पण मास्तरांनी सुरुवातीला एक घर मोकळं सोडलं होतं. परिच्छेद सुरू करताना जागा सोडायची, हे त्यांनी चाळीस वर्षं पोरांकडून घोटून घेतलं होतं; इथे जागेचं बटण दाबलं तर अर्ध्या अक्षराएवढीच जागा सुटली. मग चाळिसावं अक्षर ओळीच्या टोकाला मधोमध चिरलं गेलं. शर्टाचं एक बटण चुकलं की खालची सगळी चुकतात, तसं पुढचं प्रत्येक अर्धं अक्षर भलत्याच अर्ध्याला जाऊन चिकटलं. इत्सुकोने चाचणीला शेकडो वाक्यं लिहिली होती. घाईत एकदाही जागा सोडली नव्हती. मास्तराची मुलगी!

तिने कोड-पुस्तक उघडलं आणि पेन्सिलीने एकेक जोडी मोडून नव्याने लावू लागली. पहिलं पत्र अक्षर अक्षर करत कागदावर आलं.

"रात्री फार दुखतं. मला भीती वाटते. ऑपरेशन करावं असं वाटतं, पण त्या कागदावर एकट्याने सही करवत नाही. असं कधी मागितलं नाही. जमलं तर आज ये."

मग दुसरं. "तू कामात असशील. आलीस तर बरं वाटेल, नाही आलीस तरी चालेल."

आणि तिसरं, चाळीस अक्षरांच्या आतच संपलेलं म्हणून शाबूत आलेलं, तर तिने सकाळीच वाचलं होतं.

जन्मात एकदा त्यांनी हात पुढे केला होता. तिने म्हटलं, समजलं नाही. त्यांनी थोडा मागे घेतला. तिने पुन्हा म्हटलं, समजलं नाही. इत्सुकोने तोंडात पदर कोंबावा तशी स्वेटरची बाही कोंबली आणि दुसऱ्या हाताने इस्पितळाचा नंबर फिरवला. बाराला वीस मिनिटं कमी होती.

"कुवाबारा तेइझो? ते तर साडेनऊलाच आले होते," नर्स म्हणाली. "नकाराच्या कागदावर सही करून दिली. खाट तेव्हाच पुढच्या पेशंटला गेली हो. तो आता आत झोपलासुद्धा."

"परत घेता नाही येणार? चूक झाली, माझी चूक झाली!"

"ताई, झोपलेल्या माणसाला कसं उठवू?"

इत्सुकोने विचारलं, "ते गेले का घरी?"

"नाही, बाहेर बाकावर बसलेत. बस एक वाजताची आहे, पण केव्हाचे आहेत इथे. मी म्हटलं, कोणी येणार आहे का आजोबा? तर नुसती मान हलवली. नाही म्हणून."

"त्यांच्या कानाला फोन लावता?"

पावलं गेली, चपला घासत पावलं आली. नागासे साहेब दारातून ओरडत होते, "डिस्क कुठाय, डिस्क?" तिने मान वळवली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "पहिलं पत्र वाचलं. आत्ता वाचलं. मी येतेय."

पलीकडून भोकातून जाणाऱ्या श्वासाची शीळ ऐकू आली. एक लांब, मग भराभर, तुटक, एकावर एक. दोन वर्षांत तिने वडिलांना रडताना ऐकलं नव्हतं. कसं ऐकू येतं तेही तिला ठाऊक नव्हतं.