विसापर्यंत

वॉकीटॉकीतून तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा क्रेनवाल्याने डोळे उघडले. समोर काच, काचेपलीकडे आकाश, आणि खाली, बाराव्या मजल्याच्या उंचीवर, लोखंडी सळ्यांचा भारा संथ गिरकी घेत लटकलेला. हात सैल पडल्यावर दांडा आपोआप मधोमध येऊन थांबला होता, म्हणून भारा जागच्या जागी राहिला होता. स्लॅबवर चार माणसं मान वर करून उभी होती.

"काकडी, ऐकतोयस का?" खालून सिग्नल देणारे मामा विचारत होते.

"ऐकतोय," तो म्हणाला. "घेतो खाली."

त्याने भारा इंचाइंचाने उतरवला, साखळ्या सुटल्याची खूण मिळेपर्यंत वाट पाहिली आणि मग यंत्र बंद करून भर पाळीत शिडीने खाली आला. मामा पायथ्याशीच उभे होते. डोळा लागला, असं त्याने सांगितलं. मामांनी इकडेतिकडे पाहून घेतलं. ऊन फार आहे, काचेच्या खोलीत होतं असं कधीकधी, कोणाला काही बोलायची गरज नाही, असं ते हळू आवाजात म्हणाले. त्याने मान हलवली आणि तो सरळ इंजिनिअर बाईंच्या पत्र्याच्या ऑफिसात गेला. भारा हवेत असताना मी झोपलो होतो, किती वेळ ते मला सांगता येणार नाही, कारण सापडेपर्यंत मला वर पाठवू नका, असं तो उभ्यानेच बोलून गेला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही सांगितलं नसतं तर कोणाला कळलं नसतं."

"मला कळलं होतं ना."

साइटवर त्याला काकडी म्हणत ते त्याच्या डब्यामुळे. गेली सहा वर्षं त्या डब्यातून उकडलेली अंडी, मोड आलेली कडधान्यं आणि काकडी याखेरीज काही निघालं नव्हतं. पहाटे साडेपाचला तो पळायला जायचा. मग कामावर येऊन साठ मीटरची शिडी चढायचा. शेहेचाळीस वर्षांच्या माणसाने एवढं सपाट पोट घेऊन फिरणं म्हणजे इतरांचा अपमान आहे, असं मामा म्हणायचे. त्या काटक अंगात दिवसभर किती थकवा साचलेला असतो, हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी कोणी विश्वास ठेवला नसता.

सकाळी तो उठायचा तोच रात्रभर पोती वाहिल्यासारखा. तोंड कोरडं, डोकं जड. दुपारी तर पापण्यांना कोणी तरी खालून दोऱ्या बांधून ओढतंय असं वाटायचं. थकवा वाढला की आपणच कुठेतरी कमी पडतोय असं तो धरून चालायचा आणि पळण्यात एक किलोमीटर वाढवायचा. चाराचे सहा झाले, सहाचे आठ. साखर सोडली, चहा सोडला, रात्रीचं जेवण सातच्या आत आणलं. थकवा तसूभरही हलला नाही.

घरी आता तो आणि बायको दोघंच. मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात होती. बायको एका चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून चौकटीत बसवायचं काम करायची. तिच्याबद्दल त्याची एकच तक्रार होती, ती म्हणजे पहाटेची. तो बुटांच्या नाड्या बांधत असायचा आणि ती डोक्यावरून पांघरूण ओढून पडलेली. तूही चल, आळस झटकलास की बरं वाटेल, असं तो तिला कितीदा म्हणाला होता. "तुम्ही निघा," ती कूस बदलून म्हणायची. "मी झोपते आता."

त्या संध्याकाळी त्याने तिला सगळं सांगितलं. ती उभी होती ती खुर्चीवर बसली.

"खाली माणसं होती?"

"चार."

छडा लावल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही, असं तो म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवसापासून मागे लागला. पहिल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, सगळं जिथल्या तिथे. तुमचा रिपोर्ट भिंतीवर लावावा असा आहे, असं ते कौतुकाने म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांना मनावरचा ताण दिसला. चार दिवस कुठेतरी फिरून या, म्हणाले. दरम्यान साइटवर त्याला स्टोअरमध्ये साखळ्या आणि हुक तपासायला बसवलं होतं. त्याच्या क्रेनवर दुसरा माणूस चढायचा. मान वर करून बघायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं, तरी मान वर जायचीच.

तिसऱ्या डॉक्टर निवृत्तीला आलेल्या, ठेंगण्या बाई होत्या. त्यांनी रिपोर्टांची जाड फाईल उघडलीच नाही. टॉर्च लावून घसा पाहिला, दोन बोटांनी जबडा चाचपला, सकाळी तोंड कोरडं पडतं का विचारलं. मग विचारलं, "घोरता का?"

"पूर्वी घोरायचो. आता नाही."

"आता नाही, हे कोणी सांगितलं?"

"बायकोने."

बाईंनी टॉर्च विझवला. "पुढच्या वेळी त्यांना घेऊन या."

बायको अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आली. पर्स मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेवर बसली. हे झोपतात कसे, असं डॉक्टरांनी विचारल्यावर तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

"ह्यांचा श्वास थांबतो," ती म्हणाली.

"किती वेळ?"

"मी विसापर्यंत मोजते. वीस झाले की खांदा हलवते. मग मोठा श्वास घेतात आणि कुशीवर होतात." थोडं थांबून ती म्हणाली, "दोन-तीनदा तिसापर्यंत थांबून पाहिलं, आपणहून घेतात का ते. घेतात. पण माझ्याने थांबवत नाही."

"एका रात्रीत असं किती वेळा होतं?"

"ते नाही मोजलं."

"आणि कधीपासून?"

"मुलगी नववीत होती तेव्हापासून."

मुलगी आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. क्रेनवाला समोरच्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिला. तक्त्यात फुप्फुसांचं चित्र होतं.

"मग तुम्ही झोपता कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"हे पहाटे पळायला जातात ना, तेव्हा," ती म्हणाली. "दीड तास मिळतो."

तो तिच्याकडे वळून म्हणाला, "मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. एकदा." ती पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत होती. "घोरता म्हटलं, तर तुम्हाला वाटलं माझी झोपमोड होते. उशी उचलून बाहेरच्या खोलीत गेलात. आठ दिवस तिथेच झोपलात. तिथे तुम्हाला हलवायला कोणी नव्हतं. मी दाराशी सतरंजी टाकून बसायचे. नवव्या दिवशी म्हटलं, आता घोरत नाही तुम्ही, या आत."

ते आठ दिवस त्याला आठवत होते. नुकतंच पळायला सुरुवात केली होती. व्यायामाने आठ दिवसांत घोरणं गेलं, असं त्याने साइटवर भेटेल त्याला सांगितलं होतं.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. याला नाव आहे आणि यावर इलाजही आहे, असं त्या बायकोकडे बघूनच म्हणाल्या. सडपातळ माणसांनाही हे होतं. जबडा लहान असला की झोपेत जीभ मागे पडते आणि श्वासाची वाट बंद होते. कितीही पळालं तरी जबडा बदलत नाही. बायको ऐकत होती. काहींचा श्वास तसाच असतो असं मला वाटलं होतं, एवढंच ती म्हणाली.

हॉस्पिटलात एक रात्र अंगभर वायरी लावून तपासणी झाली. तासाला एकेचाळीस वेळा श्वास अडतो असं निघालं. मग घरी झोपेत हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं एक छोटं यंत्र आलं, त्याची नळी आणि नाकावर बसणारा मास्क. मास्कने नाकाचं कातडं सोललं. पहिल्या आठवड्यात सकाळी मास्क पलंगाखाली सापडायचा, झोपेत कधी ओरबाडून काढला हे त्यालाही कळायचं नाही. पण जिद्दीला तो कमी नव्हता. पट्टे सैल करून पाहिले, आवळून पाहिले, टीव्ही बघताना मास्क लावून बसला. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो उठला आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. दात घासताना लक्षात आलं, डोकं जड नव्हतं.

दोन महिन्यांनी क्रेनवर चढायला हरकत नाही असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट मिळालं. साठ मीटर चढून त्याने काच पुसली आणि दांड्यावर हात ठेवला. पहिल्याच हाकेला उत्तर गेलं तेव्हा मामा म्हणाले, इतक्या लवकर नको रे, मला सवय नाही.

डोळे नीट उघडे राहायला लागले तसं त्याला बाकीचंही दिसू लागलं. बायकोच्या डोळ्यांखालची काळी अर्धवर्तुळं तशीच होती. बोलता बोलता तिचं वाक्य मध्येच राहायचं. दुकानात तिने एकाच आठवड्यात दोन भिंगं चुकीची घासली होती. यंत्राचा आवाज होतो का, असं त्याने विचारलं.

"आवाजाचं काही नाही," ती म्हणाली. "पण आता श्वास थांबतच नाही ना. मी नुसती वाट बघत राहते."

मी बाहेरच्या खोलीत झोपू का, हे वाक्य त्याच्या तोंडात आलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने ते गिळलं. डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, सहा वर्षांची सवय आहे, वेळ लागेल. पण काळावर सोडून देणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने चार-पाच दिवस विचार केला.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्याने खोलीचे पडदे ओढले, पलंगाशेजारी खुर्ची आणून ठेवली आणि वर्तमानपत्र घेऊन बसला.

"झोप," तो म्हणाला.

"मला नाही येत दुपारची."

"मी इथेच आहे. जागा."

ती दारात उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. "आणि तुमचा डोळा लागला तर?"

"नाही लागणार."

ती आडवी झाली, त्याच्याकडे पाठ करून. बराच वेळ तिचे खांदे ताठ होते. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच ती म्हणाली, "काहीतरी आवाज करत राहा."

त्याने पान उलटलं. जरा थांबून आणखी एक. तिसऱ्या-चौथ्या पानाला तिचा हात उशीवरून घसरला. तो वाचत होता असं नाही, पण पानं उलटत होता, फार घाईने नाही, फार सावकाशही नाही. खेळाची पानं संपली, जाहिराती संपल्या. शेवटचं पान आल्यावर त्याने वर्तमानपत्र सरळ केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

साडेसहाला खोलीत इतका अंधार झाला की अक्षरं दिसेनाशी झाली. त्याने दिवा लावला नाही. थोड्या थोड्या वेळाने पान उलटत राहिला.