क्लचवरचा डावा पाय

मी दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्सखाली उभी असलेली पिकअप गाडी बोलतेय. वय तेरा वर्षं, सीएनजीवर चालते. मला सुखदेवांच्या डाव्या पायाबद्दल सांगायचंय, आणि हॉर्नखेरीज मला आवाज नाही.

नवी होते तेव्हापासून मी सुखदेवांचीच. त्यांच्या पत्नी प्रेमला केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून हे क्वार्टर. सुखदेव माझ्यातून लोकांचे संसार हलवतात. कुणाची बदली झाली की कपाटं, गाद्या, तुळशीच्या कुंड्या. मुनिरकात विद्यार्थ्यांनी खोली बदलली की कूलर आणि पुस्तकांची खोकी. एक बाई फुटका माठ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माणसांना काहीच टाकवत नाही.

गेल्या वर्षापासून सुखदेवांचा डावा पाय क्लचवरून उठेनासा झाला. गिअर पडला तरी पाय तिथेच. क्लच असा अर्धवट दाबलेला राहिला की इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचत नाही. उड्डाणपुलाच्या चढावर मी नुसती गुरगुरायचे आणि गॅस जळत राहायचा. वर्षात दोन क्लच प्लेटी गेल्या. "म्हातारी झाली बिचारी," सुखदेव म्हणायचे. मी म्हातारी झाले नव्हते. त्यांना साखरेचा आजार आहे, गोळ्या आठवतील तेव्हा घेतात. पाय बधिर होत गेला होता; तो कुठे टेकलाय, हेच त्यांना कळत नव्हतं.

एप्रिलात त्यांची मुलगी उन्नती नेदरलँड्सहून शिकून परत आली.

"विकून टाका हिला," प्रेमला म्हणाल्या. "किलोभर गॅसला अकरा किलोमीटरचं ॲव्हरेज. गाडी आहे की हत्ती?"

"विकायची नाही मम्मी, सुधारायची. चालती वस्तू भंगारात टाकून नवीन आणायची, हा काय विचार झाला? थोडक्या खर्चात होतं यार सगळं."

तिने एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, टायरांत मोजून हवा भरली, टपावरचा लोखंडी कॅरिअर उतरवला. मला मोकळा श्वास घेता आला. ॲव्हरेज बारा.

"बस, एवढंच?" सुखदेव हसले.

उन्नती हट्टाला पेटली. वजन आणखी कमी करायचं म्हणून तिने केबिनमधली जाड रबरी मॅट आणि तिच्याखालचं अस्तर काढून टाकलं. माझं इंजिन सीटखालीच आहे. जूनमध्ये तो पत्रा तव्यासारखा तापतो. आणि पेडल नीट समजावं म्हणून सुखदेव चपला काढून गाडी चालवतात. मला धडकी भरली. सांगणार कुणाला?

दुसऱ्या दिवशी आम्ही सरोजिनी नगरला सामान पोचवायला निघालो. उन्नती शेजारी होती. सुखदेव उजवा पाय सारखा उचलत होते. "फार तापतंय आज."

"डावा नाही भाजत?"

"नाही तर."

उन्नतीने खाली वाकून पाहिलं. डावी टाच पत्र्यावर, बोटं क्लचवर.

"पप्पा, गाडी बाजूला घ्या. आत्ता."

टाचेला रुपयाएवढा फोड आला होता. सुखदेव तो दुसऱ्याचा पाय असावा तसे बघत राहिले.

"मॅट मीच काढली," उन्नती म्हणाली.

"तुझ्या ॲव्हरेजपायी माझा पाय शेकलास की," ते म्हणाले. पण हसले नाहीत.

मग दवाखान्याकडे उन्नतीने मला चालवलं. उड्डाणपूल आला. तिचा पाय क्लचला लागलाही नाही आणि मी तिसऱ्या गिअरमध्ये सरळ वर चढले. सुखदेव माझ्या इंजिनाचा आवाज ऐकत होते.

"म्हणजे ही म्हातारी नव्हती," ते हळूच म्हणाले.

आता मॅट पुन्हा जागेवर आहे आणि मला उन्नती चालवते. ॲव्हरेज पंधरा आलंय, पण घरात कुणी त्या आकड्याचं नाव काढत नाही. टाचेची जखम अजून भरलेली नाही. डॉक्टर बघू म्हणतात.

तुमची गाडी दमायला लागली तर बॉनेट उघडा, पण आधी चालवणाऱ्याकडे बघा. त्याचा तळवा हातात घेऊन बघा.

सुखदेव रोज येऊन उन्नतीशेजारी बसतात. गिअर बदलताना ती क्लच दाबते, आणि त्याच क्षणी त्यांचा पट्टी बांधलेला डावा पाय रिकाम्या मॅटवर दाब देतो. मला तो दाब जाणवतो. त्यांना जाणवतो का, ते मला कळत नाही.