ताटावर हात

विहीण प्रमिलाबाईंनी तिसरा मांडा ताटाकडे आणला, तसे झुलालआबांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले.

"बस, येहीनबाई. पोट भरनं."

पंगतीत एकच हशा झाला. आबांचे व्याही सुपडूनाना तर मांडीवर थाप मारून हसले. आबा थट्टा करताहेत असं त्यांना वाटलं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. मागच्या जेठात लेकीच्या, मंदाच्या लग्नात याच आबांनी बुंदीवर असा आडवा हात मारला होता, की आचारी चुलीवरून उठून हा माणूस कोण ते बघायला आला होता. तेव्हापासून नाना आपल्या गावात, नरडाण्यात अभिमानाने सांगत, आमना याही म्हंजे खानारा माणूस. आज शेजारचे दुकानदार रतिलालशेठ यांना मुद्दाम पंगतीला बोलावलं होतं ते आबांचं जेवण बघायलाच.

"आसं कसं? आते तं सुरुवात शे," नाना म्हणाले. "वाढ वं, तू ऐकू नको."

पण आबांचे हात हलले नाहीत. खापरावर भाजलेली, ताट झाकून टाकेल एवढी ती पुरणपोळी प्रमिलाबाईंच्या हातात तशीच राहिली आणि तिचं तूप आबांच्या मनगटावर ओघळलं.

आबा धुळ्याच्या मार्केट यार्डात मापाडी होते. सारा जन्म दुसऱ्यांची पोती तोलण्यात गेला, स्वतःला मात्र कधी तोललं नव्हतं. पावसाळा संपताना हमालांनी चेष्टेने त्यांना मोठ्या काट्यावर उभं केलं, तेव्हा ज्वारीचं भरलं पोतं त्यांच्यापुढे हलकं निघालं. यार्ड पोट धरून हसलं, आबाही हसले. गुडघे मात्र हसत नव्हते. शेवटी डॉक्टरांकडे जावंच लागलं.

"पथ्य सांगत नाही, तुम्ही पाळणार नाही," डॉक्टर म्हणाले होते. "भूक लागली की जेवा, भूक गेली की उठा. एवढं करा."

आबांना हे औषध फारच स्वस्त वाटलं. घरी येऊन ते भुकेची वाट बघत बसले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला भूक ओळखताच येत नाही. बारा वाजले म्हणून ते जेवत, भज्यांचा वास आला म्हणून खात. कुणाशी भांडण झालं तरी खात आणि भांडण मिटलं तरी खात. त्यांच्या बायको भिकुबाई ताट झाकून ठेवायच्या आणि दर थोड्या वेळाने विचारायच्या, "उनी का?" जणू कुणी पाहुणी एसटीने यायची होती.

ती आली एका दुपारी, यार्डातच. बरगड्यांखाली हलकीशी ओढ, तोंडाला पाणी, आवाज जरा पातळ. लहानपणी गुरांमागे हिंडताना रोज भेटायची तीच ही. आबांना इतका आनंद झाला की विचारू नका. त्या दिवशी साधी भाकरी आणि ठेचा त्यांना लग्नाच्या जेवणासारखा लागला, आणि दुसऱ्या भाकरीच्या अर्ध्यावर ती आली तशी निघूनही गेली. तेव्हापासून जेवताना डावा हात पोटावर ठेवून ते तिच्या जाण्याकडे लक्ष ठेवू लागले. हळूहळू सदरे सैल झाले, यार्डाच्या पायऱ्या सोप्या झाल्या.

आजही ती दुसऱ्या मांड्याबरोबरच गेली होती. पण आज प्रश्न एकट्या पोटाचा नव्हता. आबा आले होते मंदाला न्यायला. लग्नानंतरची तिची ही पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया. माहेरी निंबाला झोका बांधून झाला होता, गौराई बसली होती, आणि मुराळी म्हणून धाडायला मुलगा नव्हता म्हणून बापच आला होता. निघताना भिकुबाईंनी बजावलं होतं, "तठे तुमनं ते भूकनं नाटक करू नका. पोट फुटनं तरी खा, पन पोरले लई या."

"सूनबाईना हात बसना नही वाटस आजून मांडावर," रतिलालशेठ म्हणाले. ते सहजच म्हणाले, पण प्रमिलाबाईंचा चेहरा उतरला.

नानांचं हसू थांबलं. "मांडा गोड लागना नही, आसं सांगा ना सरळ. ताटवरतीन आसं उठनात, तं पोर बी आठेच ऱ्हाई." शेवटचं त्यांनी हसण्यावारी नेलं, पण आबांना ते हसणं ऐकू आलं नाही.

आता काय करायचं? आबांनी मनाशी म्हटलं, फुटू दे पोट. त्यांची बोटं ताटावरून सुटायला लागली, आणि तेवढ्यात त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली.

मंदा चौकटीला खांदा टेकून उभी होती. पहाटेपासून ती खापरापुढे होती, कोपरापर्यंत हात पिठाने माखलेले. जावई सुरतला गिरणीत, त्यामुळे घरात तिच्याकडे वळून बघणारंही कुणी नव्हतं. ती बापाकडे बघत नव्हती. सासूच्या हातातल्या मांड्याकडे बघत होती. पदराचं टोक तिच्या दातात होतं. लहानपणी भूक लागली की ती झग्याची कॉलर चावायची, आणि भिकुबाई रोज ती ओली कॉलर धुवायच्या. आबा हे इतकी वर्षं साफ विसरले होते. ते आता आठवलं.

हात पुन्हा ताटावर बसले.

"येहीनबाई, खोटं नही बोलस. मांडा गोडच शे. पन मनी भूक गई. आते ती तठे दारमा उभी शे, दखा."

कुणी आलं की काय म्हणून सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मंदाने झटकन पदर दातातून सोडला.

"म्हंजे?" नानांचा आवाज चढला. "आमना घरमा सून उपाशी ऱ्हास?"

"पाव्हना जेवेल नही, आनि सून कशी जेवी?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "मी तरी कोठे जेवनू?"

त्या बोलल्या तोऱ्यात, पण बोलून झाल्यावर त्यांची स्वतःचीच नजर हातातल्या मांड्यावर गेली.

"मंग बठा ना दोन्ही," असं म्हणून आबा उठले. हात धुतले, धोतराचा सोगा खोचला आणि प्रमिलाबाईंच्या हातातून वाढायचं ताट घेतलं. गुडघे कुरकुरले नाहीत.

"याही! गाव काय म्हनी?" नाना म्हणाले.

"गावले सांगा, याही दोन मांडात आटपना."

पाहुण्याचा शब्द मोडवेना म्हणून प्रमिलाबाई बसल्या, पाठमोऱ्या, पदर पार कपाळावर ओढून. शेजारी मंदा बसली. आबांनी खापरावरचा ताजा मांडा वाढला, वर तूप सोडलं, वाटीत आमरस ओतला. प्रमिलाबाईंनी पहिला घास मोडला आणि मागे पुरुष बसलेत हे घटकाभर विसरूनच गेल्या.

"गरम शे वं," त्या नवलाने सुनेला म्हणाल्या.

रतिलालशेठांना आपलं दुकान आठवलं. नाना जरा वेळ उगाच मिशीवरून हात फिरवत बसले, मग उठले आणि तुपाची वाटी बायकोच्या ताटाकडे सरकवून पुन्हा जागेवर येऊन बसले.

मंदाचा मांडा बघता बघता संपला. आबा दुसरा घेऊन वाकले, तर तिने थेट बापासारखेच दोन्ही हात ताटावर धरले.

"बस, आबा. भरनं पोट."

बोलताना तिची चोरटी नजर सासूकडे गेली. पदराचं टोक पुन्हा ओठांशी आलं होतं. आबा मांडा धरून तसेच वाकून राहिले.

प्रमिलाबाईंनी मान वर केली नाही. "वाढा, भाऊ," त्या म्हणाल्या. "तिनी भूक आजून गई नही."

संध्याकाळच्या एसटीत बसवून द्यायला दोघं व्याही-विहीण स्टँडवर आले. गाडी सुटताना प्रमिलाबाईंनी खिडकीतून एक फडक्याचं गाठोडं आत दिलं आणि आबांना दटावलं, "लगेच सोडू नका. भूक लागनी का खा."

सोनगीर मागे पडलं तेव्हा ती लागली. बरगड्यांखाली, रोजच्या जागी. आबांनी गाठोडं सोडलं, आतल्या मांड्याचा अर्धा तुकडा मोडून खिडकीशी बसलेल्या लेकीपुढे केला.

"ले."

"नको आबा. पोट भरेल शे."

आबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. पदर खांद्यावर होता, टोक कोरडं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. धुळं येईपर्यंत तो सगळा मांडा ते एकटेच सावकाश खात राहिले.