सख्खे फुगवटे

मॅडमना माझा संशय आला. काम चुकलं म्हणून नव्हे, बरोबर आलं म्हणून.

प्रयोगशाळेतलं माझं काम सोपं आहे. उंदराच्या मेंदूच्या केसाहून पातळ चकत्यांचे फोटो येतात. मेंदूतली एक पेशी दुसरीला जिथे टेकते, तिथे दुसरीच्या फांदीवर डास चावल्यासारखा फुगवटा असतो. फुगवटा जेवढा मोठा, तेवढी जोडणी मजबूत. मी संगणकावर फुगवट्यांच्या कडा गिरवतो आणि आकार मोजून लिहितो.

सोमवारी यादीत एकाखाली एक अशा दोन फुगवट्यांचा आकार, शेवटचा अंक सोडला तर, सारखाच निघाला.

"वरचा आकडा खाली उतरवलात ना?" मॅडम म्हणाल्या.

"नाही हो. योगायोग असेल."

"आजूबाजूचे फुगवटे कुठे राई, कुठे पर्वत. आणि हेच दोघे जुळे? तुमचे तर मोजेसुद्धा जुळत नाहीत."

मी खाली पाहिलं. मुद्दा बिनतोड होता.

"शुक्रवारपर्यंत सिद्ध करा, नाहीतर टेबल रिकामं करा." त्यांनी माझा माऊस पुरावा म्हणून पाकिटात घालून सील केला. मला दुसरा मिळाला, टेबलाला बांधलेला.

बुधवारपर्यंत मलाच माझा संशय येऊ लागला. आपण झोपेत तर नक्कल करत नाही?

आई आणि काकू सख्ख्या बहिणी. एकाच मांडवात दोघा भावांशी लग्न केलेल्या. धाकटीला मावशी म्हणावं की काकू, हे न ठरल्यामुळे मी तिला 'अगं' म्हणतो. त्या रात्री जेवताना मी दोघींना सगळं सांगितलं.

"मग गेली का नोकरी?" दोघी एकाच सुरात म्हणाल्या. उसासाही एकच.

"तुम्ही ठरवून बोलता का गं?"

"ठरवायचं काय त्यात?" काकू म्हणाली. "एकाच घरातून निघालो, एकाच घरात पडलो. पंचवीस वर्षं एकाच सासूची तीच बोलणी एकाच वेळी खाल्ली. फरक राहील कुठून?"

"मी मोठी आहे," आई म्हणाली.

"दीड वर्षानं!"

माझा घास हातातच राहिला.

सकाळी मी दोन्ही फुगवट्यांना टेकलेले पेशींचे धागे चकतीमागून चकती मागे शोधत नेले. दोन्ही एकाच पेशीतून आले होते. फुगवटेही एकाच फांदीवरचे. तेच निरोप, त्याच क्षणी, दोघांनाही. मग ताकद सारखीच येणार.

"म्हणजे सख्ख्या जावा, मॅडम."

"घरगुती पुरावे नकोत."

त्यांनी फोटो उलटे केले, क्रमांक बदलले, इतर शंभरात मिसळले आणि त्या दार लावून स्वतः मोजायला बसल्या.

शुक्रवारी संध्याकाळी बाहेर आल्या. त्यांचेही दोन आकडे जुळले होते.

"मी तुमचा कागद पाहिला नव्हता," त्या म्हणाल्या.

"मी काही म्हटलं का?"

"तुमचा चेहरा म्हणतोय."

त्यांनी स्वतःचा माऊस पाकिटात घातला, सील करून सही केली आणि माझ्या हातात दिला. "सोमवारी तुम्ही माझं तपासा. टेबल राहू द्या."

मी पाकीट खणात ठेवून कुलूप लावलं. त्यांच्यावर माझा संशय नव्हता. तरी किल्ली घरी नेली.