बाकांची तोंडं

"मिस विनेट, हे काय चालवलंय?"

दारात पास्टर लिंडो उभे होते. माझ्या एका हातात हातोडा, दुसऱ्यात पक्कड, पायाशी उपसलेल्या खिळ्यांचा ढीग. चर्चच्या किल्ल्या माझ्याकडे असतात, त्यामुळे विचारायचं कोणाला हा प्रश्न मला पडला नव्हता.

"टीचर फेसींना आत आणायची सोय करतेय," मी म्हटलं.

आमच्या हेब्रोन हिलचं चर्च आणि शाळा एकाच छपराखाली जन्मली. गुलामीतून सुटलेल्या आमच्या पणज्या-पणजोबांनी नदीतले दगड डोक्यावरून टेकडीवर आणले. दोन इमारतींपुरते दगड वाहायला माना कुणाच्या? एकच बांधली. बाकांच्या पाठी अशा बसवल्या की ढकलल्या की पलीकडे पडाव्यात. रविवारी बाकांची तोंडं वेदीकडे, सोमवारी उलट बाजूच्या भिंतीवरच्या फळ्याकडे. रविवारी माणूस येतो आणि बसतो. सोमवारी मात्र टीचर "बसा" म्हणेपर्यंत टेकायची कोणाची छाती नव्हती.

टीचर इसिल्डा फेसींनी अख्खी टेकडी शिकवली. माझ्या डोक्यात काही शिरत नाही असं माझी आईसुद्धा म्हणायची, टीचरनी ते कधी मान्य केलं नाही. माझा फार जीव होता त्यांच्यावर.

मग एक पास्टर आले, त्यांना वेदीच्या कापडावर खडूची धूळ दिसली. त्यांनी बाकांच्या पाठी खिळे ठोकून पक्क्या केल्या आणि शाळा खाली रस्त्याकडेला गेली. टीचर उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "ही बाकं फळ्याकडे वळतील तेव्हाच मी आत येईन." तेव्हापासून दर रविवारी त्या बाहेर ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायच्या आणि आमच्यापेक्षा वरच्या पट्टीत गायच्या. पास्टर बदलले, बाई बदलल्या नाहीत.

मंगळवारी त्या गेल्या. त्यांची भाची मर्लीन म्हणाली, "आत्यानं आत पाय ठेवणार नाही म्हटलंय. मी तिला उचलून आत नेऊ? मेल्यावर तिचा शब्द मोडू? मी शहरातल्या हॉलमध्येच अंत्यविधी करते तिचा."

शहरातला हॉल म्हणे. ज्यांच्या आजोबांनी या भिंती रचल्या त्यांना परक्या छपराखालून निरोप द्यायचा, हे मला सोसवेना. म्हणून हातोडा घेतला.

पास्टर लिंडो किंग्स्टनचे, वयानं कोवळे, येऊन वर्षही झालं नव्हतं. ते म्हणाले, "अहो, पण सगळे माझ्याकडे पाठ करून बसतील."

"तुम्ही फळ्यापाशी या की. पाय आहेत ना?"

"आणि बिशपांना कळलं तर?"

"सांगा, विनेट खवट आहे. त्यांना नवीन नाही ते."

ते हसले. मग कोट खुंटीला अडकवून त्यांनी पुढच्या बाकाची पाठ ढकलली. इतक्या वर्षांनी ती करकरली आणि पलीकडे पडली. सगळी बाकं वळवून झाल्यावर मी त्यांना खोबरेल चोळलं, फळा कोळशानं काळा केला आणि मर्लीनला बोलावणं धाडलं.

ती दारात थांबली. बाकांकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं आणि रडायलाच लागली. "आता कशाला नको म्हणेल ती," एवढंच म्हणाली.

शनिवारी शवपेटी फळ्याखाली ठेवली. टेकडीवर घरी कोणी राहिलं नव्हतं. पहिलं भजन झालं, पास्टर म्हणाले, "बसून घ्या."

कोणी बसलं नाही.

त्यांना वाटलं ऐकू गेलं नसेल. हातानं खूण करून पुन्हा म्हणाले. गुडघे गेलेले मिस्टर होसाया, काठीवर थरथरत होते, तेही उभेच. मर्लीन उभी, मी उभी.

पास्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन हळूच म्हटलं, "बाकांची तोंडं फळ्याकडे आहेत, पास्टर. इथे तुमच्या सांगण्यावर नाही बसत कोणी."

त्यांनी पेटीकडे पाहिलं. पुस्तक उघडलं आणि सगळा विधी, एक ओळही न गाळता, वाचला. आम्ही तो उभ्यानं ऐकला.

माती देऊन परतल्यावर कुलूप लावायला मी एकटीच आत गेले. बाकांवर खोबरेल जसंच्या तसं चमकत होतं.