न्हाणीघरातली दांडी

खुबा बदलण्याचा सल्ला डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच दिला होता. पत्नीचा उजवा सांधा संधिवाताने पार झिजला होता. एक्स-रेमध्ये हाडावर हाड टेकलेले मलाही दिसले होते. मी तंत्रनिकेतनात शिकलो आणि पुढे पस्तीस वर्षे कारखान्यात यंत्रांची देखभाल केली. मूळचा भाग जोवर चालतो तोवर तो उघडायचा नाही, हा माझा नियम. तो मी तिलाही लावला. पलंगाखाली लाकडी ठोकळे दिले, खुर्ची चार इंच उंच केली आणि कमोडशेजारी भिंतीला पोलादी दांडी बसवली.

"आता मलाच एकदा तेलपाणी करून टाका," ती म्हणाली होती.

दांडी बसवल्यावर मी स्वतः तिला लोंबकळून पाहिले. माझे अठ्ठ्याहत्तर किलो तिने सहज तोलले. पत्नीचे वजन बावन्न. मी समाधानाने हत्यारे आवरली.

त्या मंगळवारी सकाळी आधी खडखडाट ऐकू आला, मग तिचे ओरडणे. दार ढकलले तेव्हा ती कुशीवर पडली होती. उजवा पाय आखूड दिसत होता, बाहेर वळलेला, आणि दांडी स्क्रूंसकट तिच्या मुठीत होती. रुग्णवाहिकेला फोन करण्याआधी मी तिची बोटे सोडवून ती दांडी काढून घेतली आणि वॉशिंग मशिनमागे ठेवली. तेवढ्या वेदनेतही ती माझ्याकडे पाहत होती.

मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले होते.

"कशा पडलात, मावशी?" शल्यविशारदांनी विचारले.

"पाय घसरला."

मी चष्मा पुसत राहिलो.

"सांधाच खराब आहे, त्यामुळे हाड जोडून भागणार नाही. पूर्ण खुबा बदलू," ते मला म्हणाले. "आधी आला असतात तर यांचा हा त्रास वाचला असता."

दुपारी मुलगी आली. "आई, किती वेळा सांगितलं, सावकाश जा म्हणून. तुला कुठे दम निघतो."

"चुकलंच माझं," पत्नी म्हणाली.

शस्त्रक्रिया दोन तास चालली. बाकावर बसून मी चूक शोधत होतो. ती पहिल्या दहा मिनिटांतच सापडली. मी दांडीवर वरून खाली भार दिला होता. तिचा खुबा वाकत नसे, म्हणून ती मागे रेलून दांडी स्वतःकडे ओढत असे. रोज थोडी थोडी करत तिने ती भिंतीतून उपटतच आणली होती. ती कशी उठते, हे मी दोन वर्षांत एकदाही पाहिले नव्हते.

तिसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी वॉकर आणला. "घरी कमोडपाशी धरायला दांडी लागेल."

"बाबा बसवतील," मुलगी म्हणाली. "त्यांनी ठोकलेल्या खिळ्याला हत्ती बांधावा."

पत्नी चादरीची घडी सारखी करू लागली.

"दांडी होती," मी म्हणालो. "तीच उपटली. आईचा पाय घसरला नव्हता. ती दांडी मी लपवली."

मुलगी आईकडे वळली. "तू का नाही बोललीस?"

"ऑपरेशनच्या कागदावर सही यांची हवी होती. त्यांचा हात थरथरला असता. शिवाय आपण होऊन सांगतात का, तेही पाहायचं होतं. तीन दिवस लावले हो तुम्ही."

"माझं चुकलं," मी म्हणालो. "दांडीत, आणि त्याआधी दोन वर्षं."

"मी गवंड्याला बोलावते," मुलगी माझ्याकडे न पाहता म्हणाली.

"बोलाव."

बाईंनी पत्नीला उठायला सांगितले. मी खुर्ची जवळ ओढली. तिचा हात कुठे जातो, पाठ किती मागे रेलते, ओढ कोणत्या बाजूला पडते, हे मी पाहू लागलो. ती उठली, आणि पुन्हा खाली बसली.

"दिसलं का नीट?" तिने विचारले. "नसेल तर परत उठते."