अक्षरजुळणी, म्हणे!

पुस्तकांचे गठ्ठे आले तेव्हा प्रगती क्लासच्या दारातच उभी होती. टेम्पोवाल्यानं गठ्ठे खाली टाकले आणि तो गेला. हिनं कात्रीचीसुद्धा वाट पाहिली नाही. वरचा कागद टराटरा फाडला, पहिली प्रत बाहेर ओढली आणि जागच्या जागी थिजली.

मुखपृष्ठावर क्लासचे मालक मानसिंग सर होते. कोट, हाताची घडी, गालातल्या गालात हसू. वर 'इंग्रजीतल्या आपल्या चुका' आणि खाली त्याहून मोठ्या अक्षरांत सरांचं नाव. तिनं पान उलटलं. अर्पणपत्रिका सरांच्या आईवडिलांना. आणखी एक उलटलं. हक्क सरांच्या पत्नीकडे. मग किंमत, छापखान्याचा पत्ता आणि सगळ्यांत तळाला, मुंग्यांची ओळ चालल्यासारखं काहीतरी. डोळ्यांजवळ नेऊन वाचलं तर ते होतं, 'अक्षरजुळणी : प्रगती'. आडनावसुद्धा नाही.

अक्षरजुळणी, म्हणे! म्हणजे सरांनी लिहायचं आणि हिनं बसून नुसतं टाइप करायचं!

खरं काय होतं ते क्लासच्या भिंतींनाही ठाऊक होतं. बारामतीत भिगवण रोडवरच्या त्या क्लासात पोलीस भरतीची, तलाठ्याची, बँकेची पोरं येत. त्यांना इंग्रजी शिकवायची ती प्रगती. चुकीचं वाक्य द्यायचं, चूक शोधायला लावायची, दुरुस्त करायला लावायची. बाजारातली जाडजूड पुस्तकं नियम सांगत. पोरं नियम घोकत आणि दुसऱ्या दिवशी तीच चूक नव्यानं करत. तेव्हा हिच्या डोक्यात आलं की ही पोरं काही मठ्ठ नाहीत, ती मनात मराठीच बोलतात. 'परीक्षा दिली' म्हणून 'आय गेव्ह द एक्झाम'. 'मला दोन भाऊ आहेत' म्हणून 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स'. 'मला सर्दी झाली' म्हणून 'कोल्ड हॅपन्ड टू मी'. चूक इंग्रजीत दिसते, पण तिचं मूळ मराठीत असतं. मग मूळच दाखवावं की!

त्या दिवसापासून ती चुका वेचू लागली. इंदापूरच्या स्टँडवर, बँकेच्या रांगेत, नरसिंहपूरच्या देवळाबाहेर फोनवर जोरजोरात बोलणाऱ्यांच्या तोंडून. चुकीचं वाक्य, त्यामागचं मराठी वाक्य आणि मग बरोबर इंग्रजी, असं तिनं एकेक जुळवत नेलं. सुट्ट्या गेल्या, मैत्रिणींची लग्नं गेली. आई छबूबाई म्हणायची, "आगं, चांगलं सोडून चुका कसल्या गोळा करतीयास?"

या चुकांचंच पुढं पुस्तक झालं आणि सरांनी ते छापायला घेतलं. त्यातलं तिचं सगळ्यांत लाडकं वाक्य मात्र घरचंच होतं. तिचे वडील कुंडलिक, म्हणजे तात्या, बावड्यात ऊस करणारा माणूस. शिक्षण दहावी, पण इंग्रजी बोलायची हौस दांडगी. एकदा बँकेचा परप्रांतीय साहेब शेत बघायला आला, तेव्हा तात्यांनी बांधावर उभं राहून ठणकावून सांगितलं, "मॉर्निंग आय लेफ्ट द वॉटर टू केन." साहेब गोंधळला. यानं पाणी सोडलं म्हणजे पिणं बंद केलं की काय, असं त्याला वाटलं असणार. प्रगतीनं ते वाक्य पुस्तकात घालू का विचारलं, तर तात्या खूश. "घाल की! माझ्या चुकीनं पोरास्नी मार्क मिळत आसतील तर बिनघोर घाल."

आणि आता हे. प्रत हातात घेऊन ती थेट सरांच्या केबिनमध्ये शिरली.

"सर, माझं नाव कुठंय?"

"आहे की. नीट बघ, आत आहे." सर चहा पीत होते. पेला खाली ठेवायचेही कष्ट त्यांनी घेतले नाहीत. "हे बघ प्रगती, पुस्तक खपतं ते नावावर. तुझं नाव टाकलं तर बारामतीत कोण विचारणार? क्लास कुणाचा? माझा. पोरं कुणाची? माझी. तू माझ्याकडंच कामाला आहेस ना? मग काम कुणाचं झालं?"

"लिहिलं मी, सर."

"दुसऱ्या आवृत्तीत बघू. आणि आजच्या प्रकाशनाच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन तुझ्याकडंच दिलंय. माईक दिवसभर तुझ्या हातात. याहून मोठा मान कुठला असतो गं?"

मान! चोरानं घर धुऊन न्यावं आणि वर घरमालकालाच बॅटरी धरायला उभं करावं, तसला मान. त्याच क्षणी राजीनामा तोंडावर फेकून ती चालू लागली असती. पण बावड्याहून जीप निघाली होती. तात्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं की पोरीनं पुस्तक लिहिलंय, बारामतीत मोठा सोहळा हाय. भावकीतली माणसं, शेजारची तानूबाई, सगळी इस्त्रीची कापडं घालून येत होती. त्यांना फोन करून काय सांगायचं? आज तिचं नाव कुणी घेतलं नाही, तर तात्या गावात जन्माचे खोटे ठरणार होते. आणि ती तर स्वतःच्याच पुस्तकाची टायपिस्ट!

दुपारी मंगल कार्यालय गच्च भरलं. व्यासपीठावर आदल्या दिवशीच्या लग्नाच्या मखमली खुर्च्या तशाच होत्या. मधल्या नवरदेवाच्या खुर्चीत सर आणि शेजारी अध्यक्ष सोपानआबा. आबा म्हणजे तालुक्यातलं जुनं खोड. अर्धं आयुष्य त्यांनी लोकांना शाली पांघरण्यात घालवलं होतं. सर्व जण बसले आणि सत्कार सुरू झाले.

आपल्याकडं सत्कार सुरू करता येतात, थांबवता येत नाहीत. ज्यानं मांडव दिला त्याचा, ज्यानं स्पीकर दिला त्याचा, छापखान्यावाल्याचा, त्याच्या मेहुण्याचा. क्लासचा व्यवस्थापक सिद्धू खालून चिठ्ठ्या सरकवत होता, 'यांचंपण घ्या', 'हे राहिले तर रुसतील'. एखादं नाव राहिलं की तो माणूस पुढच्या निवडणुकीपर्यंत ते विसरत नाही. चिठ्ठी आली की प्रगती नाव पुकारी. नाव पुकारलं की माणूस उठे, आबा शाल घालत, नारळ देत, फोटो निघे. समोर कोण आहे हे आबा बघतसुद्धा नव्हते.

मध्येच एक गंमत झाली. "विशालराव यांनी व्यासपीठावर यावं," असं तिनं पुकारलं. बोलावणं होतं नगरसेवक विशालरावांना, पण ते मोबाईल कानाला लावून बाहेर गेलेले. उठला तो मागच्या रांगेतला कोऱ्हाळ्याचा विशाल, क्लासचा विद्यार्थी. त्याला वाटलं, आपलीच निवड झाली कशाला तरी. तो आला, वाकून पाया पडला, शाल घेतली, फोटोत हसला आणि नारळ घेऊन खाली गेला. व्यासपीठावर सगळ्यांना कळलं, पण कुणी हूं की चूं केलं नाही. माईकवरून पुकारलेला माणूस परत कसा पाठवायचा? पुकारलं म्हणजे झालं. नगरसेवकांना मग वेगळं बोलवावं लागलं.

प्रगतीनं ते पाहिलं आणि तिचा हात माईकवर घट्ट झाला.

तरीही ती गप्प बसली असती. तात्यांना नंतर समजावू, दुसऱ्या आवृत्तीची वाट बघू, असलं काहीतरी ती मनाशी घोळवत होती. पण मानसिंग सर भाषणाला उभे राहिले.

"या पुस्तकासाठी मी रक्त आटवलं," सर म्हणाले. टाळ्या. "लोक विचारतात, सर, या चुका कुठून सुचल्या? मी सांगतो. माझे वडील शेतकरी. उसाला पाणी देता देता एकदा ते एका साहेबाला म्हणाले, आय लेफ्ट द वॉटर टू केन! सगळे हसले. मला मात्र रडू आलं. त्या दिवशी मी ठरवलं, आपण पुस्तक लिहायचं." सरांनी रुमाल डोळ्यांना लावला. हॉल हेलावला.

सरांचे वडील पुण्यात वकिली करत होते. उसाचा आणि त्यांचा संबंध रसवंतीपुरता.

प्रगतीनं समोर पाहिलं. तात्या खुर्चीत ताठ झाले होते. आधी त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं, आपलंच वाक्य ऐकल्याचं. मग ते विरत गेलं. त्यांनी मांडीवरचं पुस्तक पुन्हा उलटंसुलटं करून पाहिलं, मुखपृष्ठावर बोट ठेवलं आणि छबूबाईंना काहीतरी विचारलं. छबूबाईंनी मान खाली घातली.

झालं! पुस्तक चोरलं ते चोरलं, आता बापही चोरला! नाव ढापणारे पुष्कळ बघितले होते तिनं, पण दुसऱ्याचा बाप उचलून स्वतःच्या अंगाला लावणारा हा पहिलाच. प्रगतीच्या छातीत असा संताप उसळला की तिला स्वतःचीच भीती वाटली. आणि तेवढ्यात सिद्धूची चिठ्ठी आली, 'आभार घ्या, जेवणं थंड होतायत.'

तिनं चिठ्ठी चुरगाळली आणि माईक तोंडाशी नेला. आवाज अगदी सूत्रसंचालनाचा, गोड, घोटीव.

"आता आजचा शेवटचा आणि सगळ्यांत महत्त्वाचा सत्कार. या पुस्तकाच्या लेखिका, बावड्याच्या प्रगती कुंडलिक घोगरे. अध्यक्षांनी त्यांचा सत्कार करावा, अशी मी विनंती करते."

टाळ्या आपोआप पडल्या. सोपानआबा सवयीनं उठले, सवयीनं शाल झटकली. प्रगती माईक हातात धरूनच पुढं झाली, वाकली आणि शाल तिच्या खांद्यांवर आली. नारळ हातात पडला. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, हिकडं बघा." फोटोही निघाला. आता हे ब्रह्मदेवालाही परत घेता येणार नव्हतं.

सर नवरदेवाच्या खुर्चीतून उठले. चेहरा लालेलाल, पण ओठांवर हसू चिकटवलेलं. त्यांनी तिच्या हातातला माईक काढून घेतला. "अरे वा, वा! राहूनच गेलं होतं. मॅडमनी टायपिंगला खूप मदत केली बरं का. या पुस्तकाचं टायपिंग मॅडमनी केलं!"

प्रगतीनं नारळ टेबलावर ठेवला आणि माईक परत घेतला. ओढूनच घेतला म्हणा ना.

"सर, वाक्य चुकलं," ती म्हणाली. "दुरुस्त करून सांगते. हे पुस्तक मी लिहिलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी लिहिलं. आणि उसाला पाणी सोडणारा तो शेतकरी तुमचा बाप नाही, माझा आहे. तो बघा तिथं बसलाय."

मग मागून कोऱ्हाळ्याचा विशाल शाल अंगावर तशीच ठेवून उठला आणि टाळ्या वाजवू लागला. त्याच्या मागून रांगच्या रांग उठली. तिच्याच हाताखाली चुका शोधायला शिकलेली पोरं ती, त्यांना खरं काय ते माहीत होतं. बावड्याची माणसं तर खुर्च्यांवरच चढायच्या बेतात होती. तात्या मात्र बसूनच होते आणि टोपीनं डोळे पुसत होते.

सोपानआबांनी आता पहिल्यांदाच समोरच्या माणसाकडं नीट पाहिलं. "पोरी, खरं हाय का ह्ये?"

"खरं आहे, आबा."

"मग हितलं काम गेलं म्हनायचं तुझं."

"गेलं, आबा. जाऊ दे. अजून आभार राहिलेत, तेवढे मानते."

आणि तिनं आभार मानले. अध्यक्षांचे, नगरसेवकांचे, दोन्ही विशालांचे. मांडववाल्याचे, स्पीकरवाल्याचे, छापखान्यावाल्याचे आणि त्याच्या मेहुण्याचे. चिठ्ठ्या पुरवणाऱ्या सिद्धूभाऊंचे. जीपमधून आलेल्या बावडेकरांचे, तानूबाईंचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे, मागं आचाऱ्याच्या हाताखाली पोळ्या लाटणाऱ्या बायांचे. प्रत्येकाचं नाव घेतलं, ज्यांची ठाऊक नव्हती त्यांची विचारून घेतली. आईचं घेतलं, तात्यांचं घेतलं.

मानसिंग सर कोटाची बटणं नीट करून उभे होते. मालकाचे आभार सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत लांबलचक मानतात, अशी रीतच आहे. त्यांनी हात जोडायची तयारीसुद्धा केली होती.

"कुणाचं नाव राहिलं नाही ना?" प्रगतीनं माईकवरून विचारलं, सरांकडं नीट बघितलं आणि माईक बंद केला.